रात्र सरेपर्यंत तारीख तीच

प्रा. कमल वैरागडे यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात ‘बाईंचे संशोधनकार्य’ या विषयावर मी लिहावे, असे संपादक मंडळाने कळवले, तेव्हा पाकीट चुकीच्या घरी पडले की काय, अशी शंका मला आली. मी आयुष्यभर पुस्तपालन आणि लेखाकर्म शिकवले. आकाशातला चंद्र मला ओळखता येतो, पण त्याविषयीही कोणी फार खोलात विचारू नये. मंडळाला तसे सांगितले, तर उत्तर आले की माझे नाव बाईंनीच सुचवले आहे. ‘हेडाऊ सरांना यातलं काही समजलं नाही, म्हणून ते खरं लिहितील,’ असे त्या म्हणाल्या म्हणे. ही स्तुती की थट्टा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. बाईंच्या सहवासात अशा न ठरलेल्या गोष्टी माझ्याजवळ बऱ्याच साठल्या आहेत, त्यात ही एक.

पहिली भेट चांगली आठवते. आमच्या महाविद्यालयात तिन्ही शाखा एकाच आवारात होत्या. विज्ञानवाले वरच्या मजल्यावर, आम्ही वाणिज्यवाले खाली, कॅन्टीनच्या धुराजवळ. गच्चीवर पत्र्याची एक खोली होती आणि तिचे छप्पर रुळावरून सरकते, एवढी माहिती सगळ्यांना होती. आत दुर्बीण होती आणि ती वैरागडे बाईंच्या ताब्यात होती. एप्रिलमधल्या एका दुपारी बाई आमच्या विभागात आल्या. उन्हाने चेहरा लाल झालेला, काखेत कागदांचे भेंडोळे.

‘सर, तुमचा टाइपरायटर पाहिजे होता,’ त्या म्हणाल्या. ‘रकाने खूप आहेत. आमच्या मशीनवर अर्धे कागदाबाहेर जाऊन राहिले.’

ताळेबंद टाइप करता यावेत म्हणून आमच्याकडे लांब कॅरेजचा टाइपरायटर होता आणि तो आमच्या विभागाचा अभिमान होता. ‘मशीन विभागाबाहेर जात नाही,’ मी ऐटीत म्हणालो.

‘मग मीच इथं येते,’ असे म्हणून बाईंनी खुर्ची ओढली. त्या आल्या त्या पुढची कितीतरी वर्षे गेल्याच नाहीत. टाइप करणे माझ्याकडे कसे आले, हे मला सांगता येणार नाही. त्या आकडे वाचून दाखवू लागल्या आणि माझी बोटे चालू लागली, एवढेच खरे.

काम काय होते, ते जसे मला समजले तसे सांगतो. बाईंचा एक तारा होता. तो ठरावीक फेऱ्याने मंद होई आणि पुन्हा उजळे. त्याचा प्रकाश दुर्बिणीतून एका उपकरणात पडे, त्याची वीज होई आणि त्या विजेने एक पेन कागदाच्या पट्टीवर रेघ ओढी. हे झाले रात्रीचे काम. खरे काम दिवसा सुरू होई. रेघेवरून आकडा काढायचा, त्यातून आभाळाचा उजेड वजा करायचा, हवेने खाल्लेला प्रकाश परत मिळवायचा, शेजारच्या न बदलणाऱ्या ताऱ्याशी तुलना करायची, आणि असा धुऊनपुसून तयार झालेला आकडा वेळेसह रकान्यात बसवायचा. हे सगळे कागद परदेशातल्या एका वेधशाळेत जाणार होते. तिथे जगभरच्या निरीक्षणांचा खुला संग्रह होता. ज्याला हवे त्याने मागावे, त्याला नक्कल मिळे.

‘कोणालाही?’ मी विचारले.

‘कोणालाही.’

‘फुकट?’

‘फुकट.’

‘मग आपलं काय?’

बाई हसल्या आणि पुढची ओळ वाचू लागल्या. हा प्रश्न मी नंतरही वेळोवेळी विचारला. उत्तर मिळायला बरीच वर्षे लागली, ते पुढे येईलच.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. बाई म्हणाल्या, ‘आता याची प्रत काढायची.’ मी तत्परतेने कार्बन लावला. त्यांनी तो काढून बाजूला ठेवला. मग कळले की ताऱ्याच्या तेजालाच ‘प्रत’ म्हणतात. बरे, प्रतीचा आकडा वाढला तर तेज वाढावे की नाही? तर नाही. आकडा मोठा तितका तारा मंद. मी म्हटले, हा कुठला न्याय? बाई म्हणाल्या, परीक्षेत पहिला आलेला मोठा की दहावा? मला ते पटले नाही. शिवाय त्यांच्या शास्त्रात दिवस दुपारी सुरू होई. दुपारी सुरू झालेला दिवस रात्र ओलांडून दुसऱ्या दुपारी संपे, म्हणजे निरीक्षण मधेच तुटत नसे. वर आणखी एक दुरुस्ती होती, तारा पृथ्वीवरून न बघता सूर्यावरून बघितला असता तर किती वाजले असते, त्याची. घड्याळ नागपूरचे, दिवस दुपारचा, हिशेब सूर्यावरचा. संध्याकाळी घरी गेल्यावर बायकोने ‘किती वाजले?’ म्हणून विचारले की ‘कुठले?’ असे मी उलट विचारत असे.

बाई जितक्या काटेकोर तितक्याच माणसांना धरून राहणाऱ्या. माझे वडील गेले तेव्हा मी गावी अडकलो. परीक्षा तोंडावर होती. बाईंनी कोणालाही न सांगता माझे वर्ग घ्यायला सुरुवात केली. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका पुस्तपालन शिकवत आहेत, हे बघायला म्हणे कला शाखेची मुलेही दारात उभी राहत. मी परत आलो तेव्हा माझे विद्यार्थी ‘नावे’ आणि ‘जमा’ यांना ऋण आणि धन म्हणत होते आणि ताळेबंदातल्या फरकाला ‘निरीक्षणातली चूक’. ते पुसून काढायला मला सत्र संपेपर्यंत वेळ लागला. पण त्या दिवसांत माझ्या मुलांना कोणी वाऱ्यावर सोडले नाही, आणि त्याबद्दल मी आभार मानायला गेलो तर बाईंनी मला हवेच्या दुरुस्तीचे कोष्टक वाचायला बसवले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती सांगावी की नाही, याबद्दल मी गोंधळात होतो. बाईंना विचारले, तर ‘खुल्या संग्रहात पडली आहे, आता लपवता कशाला?’ म्हणाल्या.

बाईंचा पीएच.डी.चा प्रबंध त्याच ताऱ्यावर होता आणि तोही मीच टाइप केला होता. बाईंना असे आढळले होते की मधल्या काळात कधीतरी त्या ताऱ्याचा फेरा एकदम बदलला. आधी ज्या वेळी तो मंद व्हायचा, ती वेळ अचानक काही तासांनी सरकली. असे का व्हावे, यावर प्रबंधाची निम्मी पाने होती. मार्गदर्शक प्राध्यापक खूश होते. विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि ती पदवीवाल्यालाच मिळणार, हे उघड होते. प्रबंधाच्या नोंदणीची मुदत तेवढी संपत आली होती. बाईंची अट एकच होती: आधी सगळी निरीक्षणे खुल्या संग्रहाकडे जातील, मग प्रबंध विद्यापीठात. ज्याच्यावर आपण बोलणार, ते आधी लोकांसमोर ठेवावे, असे त्यांचे मत. मला हा क्रम उलटा वाटला, पण माझ्या मताला आकाशात किंमत नव्हती.

संक्रांतीचा दिवस होता. कॉलेजला सुट्टी होती, तरी आम्ही शेवटचे कागद ताडून बघत बसलो होतो. त्या दिवसापासून दिवस तिळातिळाने मोठा होतो, याचे सगळ्या जगाला कौतुक. बाईंना मात्र दरवर्षी हळहळ वाटे, कारण रात्र तेवढी लहान होते. दुपारी बाईंच्या आई, सखूबाई, कुहीहून आल्या. कपाळाला मोठे कुंकू, डोक्यावर पदर, हातात पितळी डबा. डब्यात तिळगुळाबरोबर सांभारवड्या, म्हणजे कोथिंबिरीचे सारण भरून तळलेल्या वड्या, होत्या. दर संक्रांतीला त्या लेकीचा वाढदिवस करायला येत आणि दर संक्रांतीला मायलेकींचा एकच वाद होई.

‘आई, माझा दिवस उद्या आहे,’ बाई म्हणाल्या. ‘शाळेच्या दाखल्यावर उद्याची तारीख आहे.’

‘दाखल्यावर काय बी लिवतीन. मले तं माहीत हाये ना. संक्रांतीच्या राती झाली तू. कोंबडं आरवाचं होतं अजून.’

‘अवं आई, पण बारा वाजून गेले होते ना.’

‘बारा वाजले तं काय झालं? रात गेली नाही तं दिवस कसा बदलन वं?’ सखूबाईंनी माझ्यापुढे डबा केला. ‘घ्या गा मास्तर, खाऊन पाहा.’

मी वडी उचलली. बाई हसायला लागल्या होत्या, ते हसणे मधेच थांबले. समोरच्या कागदावर त्यांचे बोट होते, ते तिथेच राहिले. सखूबाईंना वाटले काही बिघडले. ‘काहून वं, मीठ जास्त झालं का?’

‘हेडाऊ सर,’ बाई म्हणाल्या, ‘पहिल्या वर्षांचे कागद काढा.’

मी तेलकट हात धोतराला पुसले आणि कागद काढले. पुढे जे घडले ते मला त्या वेळी मुळीच समजले नाही. नंतर बाईंनी समजावले, ते असे. आपल्याकडे रात्र ही आदल्या दिवसाची धरतात. पहाटे तीनला घडलेली गोष्टही आपण ‘काल रात्री झाली’ म्हणून सांगतो, आणि एकादशीचा उपास कोणी रात्री बाराच्या ठोक्याला सोडत नाही. घड्याळाची तारीख मात्र मध्यरात्री बदलते. सुरुवातीच्या वर्षांत बाई घरच्या वळणाने लिहीत. सोमवारी संध्याकाळी गच्चीवर गेल्या की कागदाच्या माथ्यावर एकदाच सोमवारची तारीख घालत आणि उजाडेपर्यंत सगळे सोमवारचेच. पुढे दक्षिणेकडच्या एका वेधशाळेत त्या काही महिने शिकून आल्या. तिथली पद्धत घड्याळाची, बारा वाजले की नवी तारीख. परत आल्यावर बाईही तशीच लिहू लागल्या. कधीपासून, हे त्यांच्याही ध्यानात नव्हते. हात आपोआप वळला होता.

बाई ज्या महिन्यांत बघत, त्या महिन्यांत त्यांचा तारा उशिरा वर येई, त्यामुळे बहुतेक निरीक्षणे मध्यरात्रीनंतरची. आणि त्यांच्या शास्त्रातला दुपारचा दिवस काढताना सगळ्या तारखा घड्याळाच्याच धरल्या होत्या. म्हणजे सुरुवातीच्या वर्षांतली जवळजवळ सगळीच एक दिवस मागे लागली होती. एक अख्खा दिवस चुकला तर कळायला नको का, असे मी विचारले. तर त्या ताऱ्याचा फेरा एका दिवसाहून लहान होता. एका दिवसात एक पूर्ण फेरा आणि वर थोडा जास्त होई. पूर्ण फेरा हिशेबात दिसतच नसे, फक्त तो वरचा थोडा काही तासांचा फरक म्हणून दिसे. त्या काही तासांवर प्रबंधाची निम्मी पाने उभी होती.

बाईंनी आईसमोरच, वडी हातात घेऊन, एकेक दिवस पुढे सरकवत गणित केले. ताऱ्याचा बदल नाहीसा झाला. तारा जसाच्या तसा होता. बदलल्या होत्या त्या बाई.

‘म्हणजे आज वाढदिवस की उद्या?’ मी विचारले. मला खरेच दुसरे काही सुचले नाही.

‘आज,’ बाई म्हणाल्या. ‘आई म्हणते तसं, आज.’ मग त्यांनी डोळे पुसले. सखूबाईंनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितले. मलाच काही उमजत नव्हते.

मार्गदर्शकांना कळल्यावर ते स्वतः आमच्या विभागात आले. भला माणूस, बाईंचे हित चिंतणारा. ‘बाई, तुम्ही काहून आपल्या पायावर धोंडा पाडून घेऊन राहिल्या?’ ते म्हणाले. ‘सुरुवातीची वर्षं गाळून टाका. मधली दोन वर्षं संभाळून लिहा. एवढ्या बारकाईनं कोण पाहते? मुदत संपून राहिली.’

‘वर्षं गाळली तर बदल राहत नाही, सर. बदल राहिला नाही तर प्रबंध राहत नाही.’

‘मग दुसरं काही तरी लिहा.’

‘दुसऱ्याला वेळ नाही, तुम्हीच म्हणता.’

ते गेल्यावर मी माझे डोके चालवले. अडचण मधल्या वर्षांची होती. तेव्हा बाई कधी घरच्या पद्धतीने लिहीत, कधी घड्याळाच्या, आणि कागदावरून ओळखता येत नव्हते. मी म्हटले, तारा जर बदलला नसेल, तर त्याच्या फेऱ्यावरून उलटे गणित करा. कोणत्या रात्री कोणती तारीख, ते ताराच सांगेल. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो.

बाईंनी शांतपणे ऐकले. ‘तारा बदलला की नाही, हे तारखांवरून ठरवायचं. आणि तारखा ताऱ्यावरून ठरवायच्या. सर, ज्याची झडती घ्यायची, त्यालाच पंच नेमता का तुम्ही?’

मला राग आला. सगळा प्रबंध माझ्या बोटांतून गेला होता, रकाना न् रकाना. बाईंच्या जागी विभागप्रमुख म्हणून दुसरे कोणी बसलेले मला डोळ्यांसमोर दिसत होते. एवढ्याशा तारखेसाठी माणूस आपले सगळे ओवाळून टाकतो, हे मला समजत नव्हते आणि खरे सांगायचे तर आजही पुरते समजत नाही. मी त्यांच्याशी बोलणे टाकले. दोघे समोरासमोर बसून काम करत होतो, त्या आकडे वाचत, मी टाइप करत असे, पण माझ्या तोंडातून शब्द नाही. रथसप्तमीच्या दिवशी बाईंनी टाइपरायटरवर तिळगुळाची पुडी ठेवली. ‘आज शेवटचा दिवस आहे, सर. घ्या, आणि आता तरी बोला.’ तिळगुळ घेऊन अबोला धरायची सोय आपल्या धर्मात नाही. मी बोललो.

निरीक्षणे गेली. सुरुवातीच्या वर्षांसाठी दोन रकाने केले, एक लिहिलेल्या तारखेचा, ‘घरची तारीख’ या मथळ्याखाली, एक दुरुस्त केलेल्या. मधल्या संशयित रात्रींना बाईंनी दुरुस्ती लावली नाही. तारीख होती तशी ठेवली आणि शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक ओळीसमोर इंग्रजीत लिहवून घेतले: ‘तारीख संदिग्ध, निरीक्षण खरे.’ एवढी लांब कॅरेज असूनही तो शेरा बसवताना मला घाम फुटला. तिकडून पोच आली, सोबत एक विचारणा: ‘घरची तारीख’ म्हणजे काय? बाईंनी सविस्तर खुलासा पाठवला. मी एकादशीचे उदाहरण घालायला सांगितले होते, ते त्यांनी खोडले. प्रबंधाची मुदत संपली. विभागप्रमुख म्हणून दुसरे गृहस्थ आले आणि बाईंनी त्यांना पहिल्याच दिवशी गच्चीवर नेऊन छप्पर कसे सरकवायचे ते दाखवले.

‘मग आपलं काय?’ याचे उत्तर कितीतरी वर्षांनी आले. परदेशातल्या कोणा अनोळखी संशोधकाने संग्रहातून बाईंची निरीक्षणे मागवली होती. त्याने स्वतः त्याच ताऱ्याला त्याच काळात वेगळ्या ठिकाणाहून बघितले होते. दोघांचे आकडे शेजारी ठेवून त्याने त्या संदिग्ध रात्रींपैकी बऱ्याच रात्रींच्या तारखा पक्क्या केल्या होत्या, ताऱ्याला पंच न करता. बाईंनी शेरा लिहिला नसता तर त्या रात्री आपण बाद केल्या असत्या, असे त्याने कळवले. बाई त्याचे ते पत्र घेऊन खाली आल्या आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, ‘हे आपलं.’ त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद पदवीदान समारंभातही मी कोणाच्या चेहऱ्यावर बघितलेला नाही. मी पुन्हा चक्रावलो. अनोळखी माणसाने आपली चूक निस्तरली, यात एवढे हरखण्यासारखे काय, असे मी विचारणार होतो, पण तोवर माझेही डोळे भरून आले होते आणि त्याचे कारणही मला सांगता येत नव्हते.

या समारंभाच्या निमंत्रणपत्रिका छापून आल्या तेव्हा त्यांवर ‘डॉ. कमल वैरागडे’ असे होते. समितीतल्या तरुण मंडळींनी गृहीतच धरले होते. बाईंनी सगळ्या पत्रिका घरी मागवल्या आणि धंतोलीतल्या त्यांच्या ओसरीवर बसून एकेका पत्रिकेवरचे ‘डॉ.’ स्वतःच्या पेनने खोडले. मी जवळ बसून त्यांना पत्रिका देत होतो. ‘राहू द्या ना बाई, कोण बघतं?’ असे माझ्या तोंडाशी आले होते. पण हे वाक्य मी पूर्वी कोणाच्या तरी तोंडून ऐकले होते, म्हणून गिळले.

समारंभ कोणत्या दिवशी ठेवावा, यावरही समितीत खल झाला. दाखल्याप्रमाणे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, असे ठरत होते. मी उभा राहून विरोध केला, समितीच्या सभेत मी तोंड उघडले ते तेवढेच. सखूबाई आज आपल्यात नाहीत, पण त्यांच्या पोटी जन्मलेल्या मुलीची तारीख त्यांना विचारूनच लागली पाहिजे, असे मी म्हणालो. म्हणून आपण सारे संक्रांतीलाच जमणार आहोत.

आता लेखाच्या शेवटी शुभेच्छा द्यायच्या असतात आणि इथे माझा नेहमीचा घोटाळा झाला आहे. इतर कोणाला मी ‘तुमचा दिवस तिळातिळाने वाढो’ म्हटले असते. बाईंना ते चालणार नाही. उलट म्हणावे, तर ‘तुमची रात्र मोठी होवो’ ही कोणाला शुभेच्छा द्यायची रीत आपल्यात नाही, ऐकणारे माझ्याकडे वळून बघतील. पण सखूबाईंचे गणित मला आता कुठे थोडे कळू लागले आहे: रात्र लांबली की दिवसही तेवढाच लांबतो. बाई अजून गच्चीवर जातात. छप्पर सरकवतात. म्हणून मी बाईंना निरोगी डोळे, निरभ्र आभाळ आणि खूप मोठी रात्र चिंतितो. रात गेली नाही तं दिवस कसा बदलन?